हट्ट आधी की ओरडा आधी?

मागच्या जूनमध्ये दांडीला ताईकडे गेले होते. मासेमारीबंदीचे दिवस, त्यामुळे बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, भाऊजी घरीच जाळं दुरुस्त करत बसलेले, आणि साडेचार वर्षांची भाची दारात आडवी पडून रडत होती. कारण काय, तर चप्पल तिला स्वतः घालायची होती आणि आजीने घाईघाईत घालून दिली. आता ती काढून पुन्हा पहिल्यापासून घालायला मिळाल्याशिवाय बाईसाहेब उठणार नव्हत्या. बालवाडीची वेळ होऊन गेलेली. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "आईने लाडावलं की असंच होतं." थोड्या वेळाने ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "सारखी ओरडतेस ना तिला, म्हणून पोर हट्टी झालीय."

हट्ट एकच, कारणं दोन, तीही एकमेकांच्या उलट. आणि दोन्हीत दोषी ताईच! रात्री ती मला म्हणाली, "तू एवढी पीएचडी करतेस, तर मला सांग, माझं नक्की काय चुकतंय?"

माझा विषय रसायनशास्त्र. बालमानसशास्त्रातली मी कोणी तज्ज्ञ नाही. पण ताईचा प्रश्न मला ओळखीचा वाटला, कारण तुमच्यापैकी जे आत्ता 'पेट'ची तयारी करताय, संशोधनाचा आराखडा लिहिताय, त्यांना मुलाखतीत हाच प्रश्न वेगळ्या कपड्यांत भेटणार आहे: दोन गोष्टी सोबत दिसतात, मग बाण कुठून कुठे काढायचा?

जास्त ओरडणाऱ्या पालकांची मुलं जास्त हट्टी असतात, असं एखाद्या पाहणीत दिसलं, तर आपण पटकन बाण आईकडून मुलाकडे काढतो. बालसंगोपनावरच्या संशोधनातही बराच काळ तसंच गृहीत धरलं जायचं. 1968 मध्ये रिचर्ड बेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक लेख लिहून विचारलं, की हेच आकडे उलट्या बाणानेही तितकेच नीट समजावता येतात की नाही? मूल जन्मतःच जास्त तडफदार, जास्त अडून बसणारं असेल, तर आईचा आवाज चढणारच. म्हणजे ओरडा हे हट्टाचं कारण नसून परिणामही असू शकतो.

बरं, मग ठरवायचं कसं? नुसत्या सहसंबंधावरून ठरत नाही. इथे मला 1986 चा एक प्रयोग फार आवडतो. कॅनडातल्या अँडरसन, लिटन आणि रॉम्नी या संशोधकांनी सहा ते अकरा वर्षांच्या मुलांचे दोन गट घेतले: एका गटात वर्तनाच्या गंभीर तक्रारी असलेली मुलं, दुसऱ्यात तशा तक्रारी नसलेली. आणि मग चक्क आया बदलल्या! प्रत्येक आईला स्वतःच्या मुलाबरोबर, आणि दोन्ही गटांतल्या एकेका परक्या मुलाबरोबर थोडा थोडा वेळ घालवायला लावला. समजा, दोष आईच्या पद्धतीत आहे. तर 'अवघड' मुलाची आई शांत मुलाशीही तशीच तुटक वागायला हवी, आणि शांत मुलाची आई अवघड मुलालाही सहज सांभाळायला हवी. झालं वेगळंच. अवघड मुलं कुठल्याही आईचं कमीच ऐकत होती, आणि त्यांच्यासमोर दोन्ही प्रकारच्या आया जास्त नकारात्मक होत होत्या, जास्त सूचना देत होत्या. आईपेक्षा समोर कोणतं मूल आहे, याने जास्त फरक पडत होता.

हे मी ताईला सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्पच बसली. मग म्हणाली, "म्हणजे काकूंकडे दिली असती तरी पडून रडलीच असती." माझ्या मते, हो.

पण इथे थांबलात तर तुम्ही नुसता बाण उलटा केलात. परक्या मुलाबरोबरचा थोडासा वेळ आणि रोजचं घर यांत फरक आहे. घरात बाण गोल फिरतो. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जेरल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांचं घरी जाऊन निरीक्षण करून हे चक्र मांडलं, 1982 मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. मूल किंचाळतं, आई वैतागून माघार घेते, मूल गप्प होतं. मुलाला हवं ते मिळालं, आईला शांतता मिळाली. दोघांनाही बक्षीस! पुढच्या वेळी मूल आणखी लवकर किंचाळणार, आई आणखी लवकर हरणार. आणि जेव्हा हरायचं नसेल तेव्हा आणखी जोरात ओरडणार. यात खलनायक शोधून उपयोग नाही. पण चक्र कुठेतरी तोडता येतं, आणि ताईसाठी धीराची गोष्ट हीच होती.

कुठे तोडायचं? न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने 1956 पासून मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. साधारण दहातलं एक मूल त्यांना उपजत 'अवघड' स्वभावाचं वाटलं. (एक तृतीयांशाहून जास्त मुलं कुठल्याच कप्प्यात बसली नाहीत, हे सांगायला लोक विसरतात.) त्यांचा मुद्दा असा, की पुढे काय होणार हे एकट्या स्वभावावर ठरत नाही. स्वभाव आणि भोवतालच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो का, यावर ते अवलंबून असतं.

मेळ म्हटलं की आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आठवतं. बोईसरहून डहाणूच्या पुढे गेलात की बोर्डी आणि कोसबाड. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीत काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. 'ही मुलं शिकायचीच नाहीत' असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल तेच ठेवलं, रचना बदलली.

आता एक इशारा. 'हट्टी मुलं मोठेपणी जास्त कमावतात' हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर आला असेल. मूळ संशोधन खरं आहे. लक्झेंबर्गमध्ये 1968 साली बारा वर्षांच्या मुलांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, आणि चाळीस वर्षांनी त्यांतल्या 745 जणांची माहिती पुन्हा गोळा केली. 2015 च्या शोधनिबंधात नियम मोडण्याचा, पालकांना न जुमानण्याचा संबंध जास्त उत्पन्नाशी दिसला. पण मोजलं काय? बारा वर्षांच्या मुलाने स्वतःबद्दल दिलेली उत्तरं, साडेचार वर्षांच्या मुलीची चप्पल नव्हे. शिवाय देश छोटा आणि श्रीमंत, आणि संबंध का दिसतो हे त्या आकड्यांतून कळत नाही. ताईला मी हा फॉरवर्ड धीर म्हणून दिला नाही.

त्याऐवजी एक वही दिली. प्रत्येक हट्टाची वेळ आणि त्याच्या लगेच आधी काय झालं, एवढंच लिहायचं. तीन आठवड्यांनी वहीत दिसलं, की बहुतेक भांडणं खाण्यावरून किंवा वस्तू मागण्यावरून नव्हतीच. हातातलं काम अचानक थांबवलं की पेटत होतं. मग ताई सकाळी दहा मिनिटं आधी निघू लागली, चप्पल भाचीवर सोडली. ऑगस्टपर्यंत वहीतल्या नोंदी बऱ्याच कमी झाल्या.

ताई खूश आहे. पण परीक्षकाने विचारलं, तर या वहीवरून मी एकही दावा करणार नाही. सगळ्यात वाईट दिवसांत मोजायला सुरुवात केली की पुढचे दिवस आपोआपच बरे दिसतात. त्यात बालवाडी नवी होती ती सवयीची झाली, भाऊजी पुन्हा समुद्रावर गेल्याने घराचं वेळापत्रक बदललं, आणि पोर दोन महिन्यांनी मोठी झाली. शिवाय नोंद करणारी तीच, उपाय करणारीही तीच. आता याच वहीचं तुम्हाला संशोधन करायचं असतं, तर सुरुवातीला काय वेगळं केलं असतंत? आराखड्याचं एक पान लिहून बघा. लवकर निघणं आणि चप्पल सोडणं हे दोन्ही बदल ताईने एकाच दिवशी केले होते, हे मात्र लक्षात ठेवा.