पित्ताशयाचा रिपोर्ट आणायचा राहिला का?

पित्ताशय काढल्यावर ते लॅबला पाठवतात. 'तपासायला पाठवलं' म्हटले की घरात कर्करोगाचीच भीती शिरते. वैभववाडीहून कणकवली, ओरोस किंवा घाट चढून कोल्हापूर गाठलेल्या आपल्या माणसांसाठी हे लिहीत आहोत.

आपण ज्याला 'पित्त झालं' म्हणतो ते बहुधा जठरातले आम्ल. पित्ताशय वेगळे. ती यकृताखालची लहान पिशवी, ३० ते ५० मिलिलिटर पित्त मावणारी. आत वर्षानुवर्षे खडे राहिले की एरवी ३ मिलिमीटरच्या आतली तिची भिंत सुजून जाड आणि घट्ट होते, अस्तर स्नायूत खोल शिरते. रिपोर्टात याला 'क्रॉनिक कोलेसिस्टायटिस' लिहितात. हा कर्करोग नव्हे. 'कोलेस्टेरोलोसिस' म्हणजे अस्तरावरचे चरबीचे पिवळे ठिपके. 'मेटाप्लेशिया' म्हणजे पेशींनी जठराच्या किंवा आतड्याच्या पेशींचे रूप घेणे. तोही कर्करोग नाही. 'डिस्प्लेशिया' दिसले तर मात्र लगेच सर्जनकडे जा. पिशवी निघाल्याने बहुतेकदा तेवढ्यावर भागते, पण नळीच्या कापलेल्या टोकाशी तसा बदल राहिला नाही ना, हे त्यांनी पाहायला हवे.

खडे असलेल्यांपैकी फार थोड्यांना कर्करोग होतो. तो कधी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच सापडतो. रिपोर्टासाठी पुन्हा घाट चढायचा म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, म्हणून तो तिथेच पडून राहतो. डिस्चार्जच्या वेळीच विचारा: रिपोर्ट कधी येईल, फोनवर मिळेल का?