घुंगरांची निवड आणि निगा : कथक शिकणाऱ्यांसाठी काही आवश्यक गोष्टी

जबलपूर – मुलामुलींचे नाव कथकच्या वर्गात घातल्यानंतर पालकांचा पहिला प्रश्न बहुधा घुंगरांविषयीचा असतो. ती किती घ्यावीत, कोणती घ्यावीत आणि केव्हा घ्यावीत? बाजारात अलंकारासारखी मांडून ठेवलेली घुंगरे प्रत्यक्षात पायाला बांधायचे वाद्य आहे आणि पायावरचे ओझेही आहे. त्यामुळे त्यांची निवड हौसेने न करता पायाची तयारी पाहून करणे हिताचे ठरते.

भंवरताल उद्यान आणि राणी दुर्गावती संग्रहालय यांमुळे परिचित असलेल्या नेपियर टाउनसारख्या वस्त्यांमध्ये हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. जबलपूरशी मराठी समाजाचे नाते जुने आहे. १७९८ ते १८१७ या काळात हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. कथकचा वारसाही या परिसराला लाभला आहे. मध्य प्रदेशाचे विभाजन होण्यापूर्वी, म्हणजे २००० पर्यंत, या राज्यात असलेल्या रायगडचे राजे चक्रधर सिंह यांच्या आश्रयाने कथकचे रायगड घराणे आकाराला आले. मात्र शहरांतील अंगणे कमी होऊन सदनिका वाढल्या. आज मुलांचा घरचा सराव बहुतांशी सिमेंटवर बसवलेल्या टणक फरशीवर होतो. घुंगरांचे वजन आणि ही फरशी यांचा एकत्रित भार कोवळ्या पायांवर पडतो.

टँगोचा बूट आणि कथकचे घुंगरू

नृत्य कोणतेही असो, पाय आणि जमीन यांच्यामध्ये काय आहे याला महत्त्व असते. अर्जेंटिना आणि उरुग्वे या देशांच्या टँगो नृत्याचा युनेस्कोने २००९ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. टँगोच्या बुटाचा तळ सहसा गुळगुळीत किंवा मऊ लव असलेल्या चामड्याचा असतो. रबरी तळ जमिनीला चिकटतो आणि गिरकी घेताना पाऊल अडकून गुडघ्याला पीळ बसू शकतो. म्हणून टँगो शिकणारे बुटाच्या रंगरूपाआधी त्याचा तळ पाहतात.

कथकमध्ये अनवाणी पाऊल हाच तळ असतो. चक्कर बहुधा टाचेवर घेतली जाते आणि पदन्यासात तळव्याचा आघात सपाट व स्पष्ट असावा लागतो. या आघाताला घुंगरू आवाज देते. आघात अस्पष्ट असेल तर घुंगरू तो दोष झाकत नाही, उलट सर्वांना ऐकवते. यामुळेच अनेक गुरू सुरुवातीचे काही महिने घुंगरे बांधू देत नाहीत. पाऊल आधी, घुंगरू नंतर, हा क्रम त्यामागे आहे.

किती घुंगरे?

नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पण’ या संस्कृत ग्रंथात घुंगरांचे वर्णन आहे. ती काशाची असावीत, त्यांचा नाद मधुर असावा, ती निळ्या दोऱ्यात पक्क्या गाठींनी ओवावीत आणि प्रत्येक पायात शंभर किंवा दोनशे असावीत, असे त्यात सांगितले आहे. ही संख्या तयार नर्तकीसाठी आहे, नवशिक्यासाठी नव्हे.

लहान मुलांसाठी प्रत्येक पायात २५ घुंगरांपासून आरंभ करणे योग्य. पुढे ५० आणि पायाची ताकद व लय पक्की झाल्यावर १०० अशी वाढ करता येते. व्यासपीठावरील कलावंत १५० किंवा त्याहून अधिक घुंगरे बांधतात. शंभर घुंगरांच्या एका चाळाचे वजन आकारानुसार एक किलोच्या पुढे सहज जाऊ शकते. म्हणून केवळ संख्या न पाहता घेण्यापूर्वी चाळ काट्यावर ठेवून पाहावा.

संख्या केव्हा वाढवावी, याची एक सोपी कसोटी आहे. तीनतालाच्या सोळा मात्रांत तत्कार दुगुन आणि चौगुन लयीत करताना प्रत्येक आघात सुटा ऐकू येत असेल, तर पाय तयार होत आहे असे समजावे. चाळ बांधल्यावर लय मंदावत असेल, पाऊल फरफटत असेल किंवा गुडघा वाकत असेल, तर वजन जास्त आहे. शंभरांहून अधिक घुंगरे बांधून त्यांतील जणू एकच वाजावे इतके नियंत्रण मिळवणे हे कथकचे कौशल्य मानले जाते. घुंगरांची नुसती संख्या वाढवून ते साधत नाही.

खरेदी करताना

भरतनाट्यमसाठी घुंगरे चामड्याच्या किंवा कापडी पट्ट्यावर ओळींनी बसवलेली असतात. कथकमध्ये ती सुती दोरीत एकेक करून, मध्ये गाठ देत ओवली जातात आणि ही दोरी घोट्याच्या वर गुंडाळली जाते. प्रत्येक घुंगरू मोकळे राहिल्याने आघाताचे बारकावे ऐकू येतात. केवळ बांधायला सोपा म्हणून कथकसाठी पट्टा घेऊ नये.

उत्तर प्रदेशातील एटा जिल्ह्यातले जलेसर हे घुंगरे आणि घंटा यांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. तेथील धातुशिल्पाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घुंगरे कुठलीही असली तरी पुढील बाबी तपासाव्यात.

- प्रत्येक घुंगरू कानाजवळ हलवून पाहावे. खणखणीत आवाज असावा. बद्द आवाजाचे घुंगरू बहुधा तडकलेले असते किंवा त्यातील गोळी अडकलेली असते.
- दोन्ही पायांच्या चाळांचा नाद आणि वजन शक्यतो सारखे असावे.
- घुंगराच्या चिरेची कड बोटाने चाचपून पाहावी. धारदार कडेने दुसऱ्या पायाचा घोटा कापला जाऊ शकतो.
- दोरी जाड, सुती आणि घट्ट विणीची असावी. नायलॉनची दोरी निसटते आणि त्वचेला काचते.
- दोन्ही टोकांना बांधण्यासाठी पुरेशी मोकळी दोरी असावी.

घरात थोरल्या भावंडाचा चाळ असेल तर नवा घेण्याची गरज नाही. जाणकाराकडून घुंगरे उतरवून, हव्या तेवढ्याच संख्येत ती नव्या दोरीत ओवून घेता येतात. काढलेली घुंगरे पुढच्या टप्प्यासाठी जपून ठेवावीत.

बांधण्याची पद्धत आणि सराव

उघड्या त्वचेवर चाळ बांधू नये. आधी मऊ सुती पट्टी गुंडाळावी आणि मग घोट्याच्या हाडाच्या वरून सुरुवात करून दोरी वरच्या दिशेने, वेढ्याला वेढा लागेल अशी न्यावी. चाळ खाली घसरून हाडावर आदळता कामा नये आणि पायाला मुंग्या येतील इतका आवळलेलाही नसावा.

टणक फरशी आघाताचा धक्का शोषत नाही. तो नडगी, घोटा आणि गुडघा यांना सोसावा लागतो. घरी सराव करताना जाड प्लायवूडची फळी रबरी चटईवर ठेवावी आणि ती सरकणार नाही याची खात्री करावी. धक्का कमी होतो आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांनाही आवाजाचा त्रास कमी होतो. घरचा काही सराव चाळ न बांधता केला तरी चालतो. सरावानंतरही न थांबणारे दुखणे, सूज किंवा बोटांना येणारा बधिरपणा यांकडे दुर्लक्ष करू नये. अशा वेळी सराव थांबवून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

निगा कशी राखावी?

घुंगराचे कवच पितळेचे किंवा काशाचे असले तरी आतील गोळी बहुधा लोखंडी असते. पितळेवर हिरवट थर चढतो, तो पुसता येतो. आतील गोळीला गंज चढला की ती कवचाला चिकटते आणि नाद कायमचा जातो. म्हणून घुंगरे पाण्याने धुऊ नयेत आणि चिंच किंवा लिंबाच्या पाण्यात बुडवू तर नयेच. कोरड्या मऊ कापडाने पुसणे पुरेसे आहे.

सरावानंतर दोरीत घाम मुरलेला असतो. चाळ लगेच पिशवीत न कोंबता वाऱ्यावर सावलीत वाळवावा आणि मगच सुती कापडात गुंडाळून ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडला जातो. पावसाळ्यात आर्द्रता शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या सोबत ठेवता येतील. महिन्यातून एकदा गाठी तपासाव्यात. दोरी झिजलेली किंवा सैल दिसताच चाळ नव्या दोरीत ओवून घ्यावा. नाचताना सुटून पडलेल्या घुंगरावर अनवाणी पाऊल पडले, तर गंभीर इजा होऊ शकते.

पुण्यात १९४७ मध्ये ‘नृत्यभारती’ची स्थापना करणाऱ्या रोहिणी भाटे यांच्यासारख्या गुरूंमुळे कथक मराठी घरांत रुजले. आज अनेक घरांत घुंगरांचे पूजन करून, ती कपाळाला लावून मगच पायात बांधली जातात. या आदराला योग्य वजन, योग्य जमीन आणि कोरडी जागा यांची जोड दिली, तर घुंगरे अनेक वर्षे टिकतील आणि ती बांधणारे पायही.