मश्रूअ लैला
मश्रूअ लैला : अरबी भाषेत गाणारा लेबाननमधील रॉक संगीतवृंद (२००८–२२). बेरूत येथील अमेरिकन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी तो स्थापन केला. ‘मश्रूअ’ म्हणजे प्रकल्प व ‘लैला’ म्हणजे रात्र. त्यावरून ‘एका रात्रीचा प्रकल्प’ असा नावाचा अर्थ होतो. लैला हे स्त्रीनामही असल्याने त्यात श्लेष साधला आहे. हामिद सिन्नो (गायक), हाइग पापाझियन (व्हायोलिन), फिरास अबू फखर (गिटार), कार्ल जर्जेस (तालवाद्ये) व इब्राहिम बद्र (बेस गिटार) हे त्यातील प्रमुख कलावंत होत.

मश्रूअ लैला (२००९), एल हाल रोमॅन्सी (२०११), रासुक (२०१३) व इब्न एल लैल (२०१५) हे या वृंदाचे प्रमुख गीतसंग्रह होत. रासुकसाठीचा निधी श्रोत्यांच्या वर्गणीतून उभारण्यात आला. आरंभीच्या संगीतात गिटार व तालवाद्यांच्या जोडीला व्हायोलिनचे स्वर ठळक आहेत. पुढे इलेक्ट्रॉनिक ध्वनींचा वापर वाढला. गीतांची भाषा ग्रांथिक अरबी नसून बहुतांशी लेबाननची बोली आहे. त्यामुळे तपासणी नाके, राजकीय हिंसा, शेजाऱ्यांची कुजबुज असे नित्याचे विषय गीतांत सहज आले.

लेबाननमध्ये १८ धर्मपंथांना शासकीय मान्यता असून विवाह, घटस्फोट इ. बाबी त्या त्या पंथाच्या कायद्याखाली येतात. देशात नागरी विवाहाची तरतूद नसल्याने अनेक भिन्नधर्मी जोडपी सायप्रसला जाऊन विवाहबद्ध होतात. ‘फसातीन’ (झगे) या गीतात धर्मभेदामुळे दुरावलेल्या प्रेमाचे चित्रण आहे. ‘लिल वतन’ (मातृभूमीसाठी) या गीतात देशभक्तीच्या नावाखाली टीकाकारांना गप्प करण्याच्या वृत्तीचा उपहास केला आहे, तर ‘शिम एल यास्मीन’मध्ये एका पुरुषाचे पुरुषावरील प्रेम व्यक्त झाले आहे. सिन्नोने स्वतःची समलैंगिकता जाहीरपणे सांगितली होती.

याच विषयांमुळे या वृंदाला विरोध झाला. जॉर्डनमध्ये २०१६ व २०१७ साली त्याच्या कार्यक्रमांना मनाई करण्यात आली. सप्टेंबर २०१७ मध्ये कैरो येथील कार्यक्रमात काही श्रोत्यांनी समलैंगिकांच्या हक्कांचे प्रतीक असलेला इंद्रधनुषी ध्वज फडकविला. त्यानंतर ईजिप्तमध्ये अटकसत्र सुरू झाले व या वृंदावर बंदी आली. अटक झालेल्यांपैकी सारा हेगाझी या कार्यकर्तीने पुढे कॅनडात आश्रय घेतला. तेथे २०२० मध्ये तिने आत्महत्या केली. बिब्लॉस येथील महोत्सवात २०१० साली हा वृंद गायला होता. त्याच महोत्सवातील ऑगस्ट २०१९ चा त्याचा कार्यक्रम मात्र, गीतांनी ख्रिस्ती श्रद्धांचा अवमान होतो, हा चर्चचा आक्षेप व हिंसेच्या धमक्या यांमुळे आयोजकांनी रक्तपाताच्या भीतीने रद्द केला. सप्टेंबर २०२२ मध्ये वृंद विसर्जित झाल्याचे सिन्नोने जाहीर केले.

कोणत्याही राजकीय पक्षाच्या वा पंथाच्या आश्रयाविना अरब तरुणांचे खाजगी प्रश्न लोकप्रिय गीतांत आणणे, हे या वृंदाचे महत्त्वाचे कार्य होय. मात्र असा आश्रय नसलेल्या कलावंताला संरक्षणही मिळत नाही, हे त्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते.