नवें घर : काळींत कीं मुरमावर?

आमच्या पूर्वजांनीं गांवच्या भूमीचे दोन भाग मानिले : पिकाची ती काळी व वस्तीची ती पांढरी. या विभागणींतील शहाणपण हल्लीं विसरलें जात आहे. गांवठाणांत जागा पुरेना, म्हणून पुष्कळ शेतकरी बंधु मळ्यांत घरें बांधूं लागले आहेत. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु विहीर जवळ, रस्ता जवळ, एवढेंच पाहून उत्तम काळ्या जमिनींत पाया घालणें म्हणजे दुहेरी नुकसान होय.

भारी काळी जमीन पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यांत आक्रसून खोल भेगा पाडते. दरवर्षीं पायाखालीं ही हालचाल चालली असतां वरची भिंत स्थिर कशी राहणार? प्रथम दारें अडकूं लागतात, मग चौकटीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर निघते. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन पिकास मुकते, ती निराळीच.

म्हणून आमची सूचना अशी कीं, शेतांतील सर्वांत हलका, मुरमाड तुकडा घरासाठीं निवडावा. जागेच्या चारी कोपऱ्यांस पुरुषभर खोल खड्डे घेऊन मुरूम कोठें लागतो तें पाहावें. एका कोपऱ्यास मुरूम व दुसऱ्यास काळी लागल्यास ती जागा सोडावी. तेथें पाया सारखा बसत नाहीं. सर्वच शेत काळें असेल, तर इंजिनियराच्या सल्ल्यानें पाया खालच्या घट्ट थरापर्यंत न्यावा. तेथें काटकसर करूं नये.

पाण्याची वाटही पाहावी. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णा-पंचगंगेचा पूर कोठवर चढला, हें तीरावरील लोक विसरलेले नाहींत. आपल्या ओढ्याविषयीं गांवांतील वृद्धांस विचारावें. डोंगराच्या पायथ्याशीं मुरूम कठीण लागला तरी वरचा उतार तपासावा. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव दरडीखालीं गाडलें गेलें व १५० च्या आसपास माणसें प्राणांस मुकलीं.

सात-बारा, गटाचा नकाशा, बांधकामाची परवानगी व बाराही महिने गाडी जाईल असा हक्काचा रस्ता, हीं पाहून भाऊबंदांसमक्ष हद्द मोजून घ्यावी. वैशाखांतील भेगा व श्रावणांतील पाणी, या दोन्ही परीक्षा झाल्याखेरीज कुदळ मारूं नये. एक वर्ष थांबल्यानें घर कांहीं हातचें जात नाहीं. उतावळेपणानें घातलेला पाया मात्र पुन्हां उचलतां येत नाहीं.