किसान सन्मानची यादी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शेतकऱ्याच्या खात्यावर सरकारने जमा केलेला हप्ता ही त्याची खासगी बाब, तिसऱ्याने त्यात डोकावू नये, हा पहिला गैरसमज. माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 4 नुसार अनुदान योजनांची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील प्रशासनाने कोणी न मागताच जाहीर करायचा असतो. केंद्राच्या पीएम किसान सन्मान निधी योजनेच्या संकेतस्थळावर महाराष्ट्र, रायगड, पनवेल आणि मग गाव निवडले की नावे कोणालाही दिसतात. यादी गावपातळीवर प्रसिद्ध करावी आणि सुटलेल्या पात्र शेतकऱ्याला दाद मागू द्यावी, असे योजनेच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. म्हणजे यादी केवळ दुसऱ्याचे उणे काढण्यासाठी नाही. आपले नाव का गळले, हे विचारण्याचा आधारही तीच आहे.

सातबाऱ्यावर नाव चढले की वर्षाचे 6000 रुपये हक्काचे, हा दुसरा समज. पनवेलसारख्या तालुक्यात तो विशेष महागात पडू शकतो. इथे भातखाचरांच्या शेजारी फार्महाऊस आहेत, विमानतळाने जमिनीचे भाव चढवले आहेत. पण प्राप्तिकर भरणारे, चतुर्थ श्रेणी वगळता सरकारी कर्मचारी, व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल हे सारे योजनेबाहेर आहेत. वारसा सोडल्यास 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन नावावर झालेल्यांनाही लाभ नाही. उलट शहरी हद्दीतली जमीन प्रत्यक्ष कसली जात असेल, तर ती केवळ हद्दीमुळे अपात्र ठरत नाही. शिवाय राज्याच्या ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’चे आणखी 6000 रुपये केंद्राच्याच यादीवर बेतलेले आहेत, तिथली एक चुकीची नोंद दोन तिजोऱ्यांना भोवते.

आधार जोडले, पैसे थेट खात्यात गेले, आता गळती कुठली, असा तिसरा युक्तिवाद असतो. मधला दलाल त्याने टळतो, हे खरेच. मात्र आधार माणूस कोण हे सांगते, तो पात्र आहे की नाही हे सांगत नाही. 20 लाखांहून अधिक अपात्र व्यक्तींना सुमारे 1364 कोटी रुपये गेल्याचे केंद्राने माहिती अधिकारातल्या एका अर्जाच्या उत्तरात मान्य केले. त्यांत निम्म्याहून अधिक प्राप्तिकरदाते होते. जालना जिल्ह्यातला अतिवृष्टी अनुदानाचा गैरव्यवहार 2025 मध्ये गाजला आणि अनेक तलाठी निलंबित झाले. तिथेही पैसे खात्यांवरच गेले होते. बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला जे ठाऊक असते, ते संगणकाला नसते.

यावरचा आक्षेप वजनदार आहे: नावे उघड केली तर भाऊबंदकीला खतपाणी मिळेल, फसवणूक करणाऱ्यांचे फावेल. युरोपीय न्यायालयाने 2010 मध्ये शेतकऱ्यांची नावे सरसकट प्रसिद्ध करणे प्रमाणाबाहेरचे ठरवले होते. पण तिथेही यादी कायमची बंद झाली नाही. 2013 च्या नियमाने छोट्या रकमेच्या लाभार्थ्यांची नावे झाकली आणि बाकीची खुली केली. आपल्यालाही मध्यममार्ग काढता येतो. नाव, गाव आणि रक्कम जाहीर करावी. मोबाइल, आधार आणि खाते क्रमांक कधीच नाही. श्रीमंतांच्या सवलती कोण मोजतो, हा प्रश्नही रास्त आहे. पण त्याचे उत्तर त्या याद्याही उघडणे हे आहे, शेतकऱ्यांची यादी झाकणे नव्हे.

पनवेलपुढे मात्र एक वेगळी अडचण आहे. 2016 मध्ये महापालिका झाली, तिच्यात गेलेल्या गावांतल्या ग्रामपंचायती संपल्या आणि त्यांच्यासोबत ग्रामसभाही. शेती उरली, यादी वाचून दाखवायची जागा गेली. तलाठी कार्यालयाच्या फलकावर आणि प्रभाग कार्यालयात दर हप्त्याला यादी लावणे, तिच्याखाली हरकत कोणाकडे नोंदवायची ते लिहिणे, एवढे केले तरी ही उणीव बरीच भरून निघेल. त्याला नवा कायदा लागत नाही.