उभ्या वाहनास धडक : कायदा आणि नागरिकांचे कर्तव्य

मोटार हे एके काळी शहरी सुखवस्तू कुटुंबांचे वाहन समजले जाई. ती परिस्थिती आता पालटली आहे. शिक्षक, ग्रामसेवक, कृषी सहायक, दुकानदार आणि बागायतदार शेतकरी यांच्या दारांतही आज चारचाकी वाहन उभे दिसते. बहुतेकांनी ते बँकेच्या कर्जावर घेतलेले असते आणि त्याचे हप्ते अनेक वर्षे चालू असतात. अशा वाहनास कोणी अज्ञात चालकाने धडक देऊन पोबारा केला, तर होणारे नुकसान एखाद्या कुटुंबाचे महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडून टाकण्यास पुरेसे असते. आपले हक्क कोणते, दाद कोठे मागावी आणि कोणत्या मुदतीत मागावी, याची माहिती नसल्याने पुष्कळ लोक ‘नशिबाचा भोग’ म्हणून गप्प बसतात.

बदलते रस्ते, वाढती वाहने

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. या जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात धनज हे गाव असून तेथे स्वतंत्र पोलीस ठाणे आहे. तालुक्याचे ठिकाण असलेले कारंजा हे श्रीनृसिंह सरस्वती यांचे जन्मस्थान मानले जात असल्याने तेथे दूरदूरच्या भाविकांची वाहने येतात. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून जातो. दहा जिल्ह्यांना जोडणारा हा ७०१ किलोमीटर लांबीचा मार्ग जून २०२५ मध्ये पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. कापूस व सोयाबीनच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉली आणि मालमोटारी यांची त्यात भर पडते. बाजाराच्या दिवशी अरुंद रस्त्याच्या कडेस उभी केलेली मोटार, तिच्या शेजारून वळणारी ट्रॉली आणि मागे घेतला जाणारा टेम्पो हे चित्र विदर्भातील कोणत्याही गावास परके नाही.

समजा, एखाद्या शिक्षकाने ग्रामपंचायतीसमोर मोटार उभी केली आणि अर्ध्या तासाने परतल्यावर तिचा दरवाजा चेपलेला व मागचा दिवा फुटलेला त्यास आढळला. आजूबाजूस विचारणा करता ‘एक गाडी मागे घेताना लागली आणि निघून गेली’ एवढेच समजते. अशा वेळी कायदा काय सांगतो?

चालकाची जबाबदारी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १३२ अन्वये, ज्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले त्याने स्वतःचे नाव व पत्ता देऊन मागणी केल्यास चालकाने आपले व वाहनमालकाचे नाव आणि पत्ता सांगितला पाहिजे. कलम १३४ अन्वये चालकाने पोलीस अधिकाऱ्यास मागेल ती माहिती द्यावयाची असते. घटनास्थळी पोलीस नसल्यास शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात घटनेची हकिगत कळवावयाची असते. आपल्या विमा कंपनीसही कळविण्याचे बंधन त्याच्यावर आहे. ज्या वाहनास धडक बसली ते उभे होते व त्यात कोणी नव्हते, एवढ्याने ही जबाबदारी टळत नाही. काचेला चिठ्ठी लावून जाणे हे सौजन्याचे लक्षण खरे, परंतु पोलीस ठाण्यास कळविण्याची जागा ती घेऊ शकत नाही.

या कर्तव्यात कसूर केल्यास कलम १८७ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुन्हा तोच अपराध केल्यास ही मर्यादा एक वर्ष व दहा हजार रुपये अशी आहे. पूर्वी पहिल्या अपराधास तीन महिने व पाचशे रुपये एवढीच मर्यादा होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती वाढविण्यात आली. चालक कोण होता हे पोलिसांनी विचारल्यास ते सांगणे कलम १३३ अन्वये वाहनमालकास बंधनकारक आहे. ‘गाडी माझी, पण चालवीत कोण होते ठाऊक नाही’ असे म्हणून मालकास हात झटकता येत नाहीत.

धडक देणारा प्रत्येक चालक अट्टल गुन्हेगार असतो असे नाही. जमावाच्या माराच्या भीतीनेही अनेक जण पळ काढतात. जखमीस मदत करण्याच्या कर्तव्याबाबत कलम १३४ मध्ये जमावाच्या क्षोभाचा स्पष्ट उल्लेख करून विधिमंडळाने ही वस्तुस्थिती ओळखली आहे. तथापि, चोवीस तासांत पोलिसांना कळविण्याच्या बंधनास ही सवलत जोडलेली नाही. गर्दीपासून दूर जाऊन थेट पोलीस ठाणे गाठणारा चालक कायदा पाळतो. घरी जाऊन वाहन लपविणारा तो मोडतो.

पहिल्या तासातील कामे

नुकसान आढळताच वाहन जागेवरून हलवू नये. रहदारीस अडथळा होत असल्यास प्रथम छायाचित्रे घ्यावीत आणि मगच वाहन बाजूस घ्यावे. सभोवतालचा रस्ता, चाकांच्या खुणा, पडलेले काचेचे तुकडे आणि आपल्या वाहनावर लागलेला परका रंग या सर्व गोष्टी छायाचित्रांत याव्यात. फुटलेल्या दिव्याच्या एका तुकड्यावरूनही वाहनाची बनावट ओळखता येते, म्हणून असे तुकडे जपून ठेवून पोलिसांच्या स्वाधीन करावेत.

त्यानंतर साक्षीदार शोधावेत. टपरीवाला, रिक्षाचालक, शाळेतील मुले यांच्यापैकी कोणी वाहनाचा क्रमांक पाहिला असल्यास तो लगेच लिहून घ्यावा. संपूर्ण क्रमांक कोणाच्या लक्षात नसला तरी निराश होऊ नये. वाशीमच्या वाहनांचा क्रमांक एमएच ३७, अकोल्याचा एमएच ३०, अमरावतीचा एमएच २७ आणि यवतमाळचा एमएच २९ या संकेतांनी सुरू होतो. हा संकेत, शेवटचे दोन अंक, वाहनाचा प्रकार व रंग एवढ्या माहितीवरूनही परिवहन विभागाच्या नोंदींच्या आधारे पोलिसांना शोध घेता येतो.

दुकाने, बँका, पेट्रोलपंप यांच्या कॅमेऱ्यांतील चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाऊन त्याच जागी नवे चित्रण होते. म्हणून त्याच दिवशी संबंधितांस ते जपून ठेवण्याची विनंती करावी व पोलिसांनाही तसे लेखी कळवावे. सप्टेंबर २०२४ मध्ये नागपुरात मध्यरात्रीनंतर एका मोटारीने अनेक वाहनांना धडका दिल्याच्या प्रकरणात कॅमेऱ्यांच्या चित्रणाला किती महत्त्व असते हे सर्वांनी पाहिले. असे चित्रण न्यायालयात पुरावा म्हणून सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार विहित प्रमाणपत्र जोडावे लागते.

पळून जाणाऱ्याचा पाठलाग मात्र करू नये. तो सापडल्यास त्यास मारहाण करणे हा तर स्वतंत्र अपराध होय. तातडीची मदत हवी असल्यास ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

फिर्याद कोठे व कशी द्यावी?

सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवून इतरांस धोका निर्माण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खालील दखलपात्र अपराध आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. दखलपात्र अपराधाची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात, हद्दीचा विचार न करता, देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमानेही देता येते. मात्र तशी दिल्यास तीन दिवसांच्या आत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. प्रथम खबरीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. खबर नोंदविण्यास नकार मिळाल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ती टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठविता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. फिर्यादीबरोबरच घटनास्थळाचा पंचनामा करून घेणे महत्त्वाचे आहे, कारण पुढे विमा आणि भरपाई या दोन्ही कामी तो उपयोगी पडतो.

संहितेच्या कलम १०६ मधील उपकलम (२) विषयी लोकांत बराच गैरसमज आहे. पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची ही तरतूद मृत्यू घडविणाऱ्या अपघातांपुरती आहे. जानेवारी २०२४ मध्ये मालमोटारचालकांनी तिच्याविरुद्ध आंदोलन केले आणि संहिता लागू करताना ते उपकलम अमलात आणण्यात आले नाही. उभ्या मोटारीच्या नुकसानीशी त्याचा संबंध नाही.

भरपाईचे मार्ग

सामान्य बोलण्यात पळून गेलेल्या प्रत्येक चालकास ‘हिट अँड रन’ म्हटले जाते. कायद्याच्या दृष्टीने मात्र वाजवी प्रयत्न करूनही ज्या वाहनाची ओळख पटत नाही, त्याच्यामुळे घडलेला अपघातच या संज्ञेत येतो. अशा अपघातांसाठी शासकीय भरपाईची तरतूद प्रथम १९८२ मध्ये करण्यात आली, तेव्हा मृत्यूसाठी ५,००० रुपये व गंभीर दुखापतीसाठी १,००० रुपये मिळत. १ एप्रिल २०२२ पासून या रकमा अनुक्रमे २ लाख व ५० हजार रुपये करण्यात आल्या आहेत. ही योजना मृत्यू व गंभीर दुखापत यांच्यापुरतीच असून वाहनाच्या नुकसानीस तीतून काहीही मिळत नाही.

म्हणूनच धडक देणाऱ्याचा शोध लागणे न लागणे यावर पुढील मार्ग अवलंबून असतो. शोध लागल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे चालक, मालक व त्यांची विमा कंपनी यांच्याविरुद्ध भरपाईचा अर्ज करता येतो. अपघाताच्या दिनांकापासून सहा महिन्यांच्या आत तो करावा, अशी कलम १६६ मध्ये तरतूद आहे. त्रयस्थ पक्षाचा विमा कलम १४६ नुसार प्रत्येक वाहनास सक्तीचा आहे. खासगी मोटारीच्या विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा सामान्यतः साडेसात लाख रुपये आणि दुचाकीच्या विम्यात एक लाख रुपये असते. धडक देणाऱ्या वाहनाचा विमा नसला तरी चालक व मालक यांची वैयक्तिक जबाबदारी कायम राहते.

शोध न लागल्यास स्वतःचा विमा हाच आधार उरतो. मात्र केवळ सक्तीचा त्रयस्थ पक्षाचा विमा उतरविला असेल तर स्वतःच्या वाहनाची भरपाई मिळत नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’ संरक्षण असलेला विमा लागतो. हप्ता कमी बसतो म्हणून अनेक जण केवळ सक्तीचा विमा घेतात आणि त्याची उणीव त्यांना अशाच प्रसंगी जाणवते. विमा कंपनीस विनाविलंब कळवावे आणि तिच्या सर्वेक्षकाने पाहणी करण्यापूर्वी गॅरेजमध्ये दुरुस्ती सुरू करू नये. प्लॅस्टिक व रबराच्या भागांवर निम्मी घसारा वजावट होते, काचेवर होत नाही. दावा केल्यास ‘नो क्लेम बोनस’ची सवलतही जाते. ही सवलत पहिल्या दावारहित वर्षानंतर २० टक्के असून पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत वाढते. त्यामुळे किरकोळ नुकसानीत दावा करणे परवडते किंवा नाही याचा हिशेब आधी करावा. पोलिसांत खबर मात्र प्रत्येक वेळी द्यावी.

विमा कंपनीने दावा अयोग्य रीतीने नाकारल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, आणि महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो.

गावाची भूमिका

वाहन धोका वा अडथळा होईल अशा रीतीने उभे करण्यास कलम १२२ ने मनाई केली आहे. तसे केल्यास नुकसानीचा काही दोष मालकाकडेही येऊ शकतो. म्हणून बाजाराच्या दिवशी वाहनतळासाठी जागा आखून देणे, तेथे पुरेसा प्रकाश ठेवणे आणि चौकात कॅमेरा बसविणे ही कामे ग्रामपंचायतीस हाती घेता येतील. पोलीस ठाण्याचा क्रमांक सूचनाफलकावर ठळकपणे लिहिण्यास तर काहीच खर्च नाही. अपघातानंतर जमाव आवरण्याच्या कामी पोलीस पाटील व सरपंच यांचा शब्द गावात मोलाचा असतो. मार बसणार नाही असा विश्वास असेल, तर चूक झालेला चालक थांबण्याचा संभव वाढतो. शिक्षकांना मुलांस वाहनाचा क्रमांक नेमका टिपण्याची सवय लावता येईल.

दुसऱ्याच्या दारातील मोटारीस धक्का लागल्यावर थांबून ‘माझ्याकडून नुकसान झाले’ असे सांगण्यास थोडे धैर्य लागते. कायद्याने त्यासाठी चोवीस तासांची मुदत दिलेली आहे. ती पाळणारे नागरिक गावात जितके अधिक, तितके पोलीस ठाण्याच्या व न्यायालयाच्या पायऱ्या चढण्याचे प्रसंग कमी येतील.