दुकान खाली, घर वर: सोलरची सबसिडी कोणत्या मीटरला?

चिखली-खामगावात आपल्यातल्या अनेकांचं दुकान खाली आणि घर वर. छत एक, मीटर दोन! पीएम सूर्यघर योजनेची (२०२४) सबसिडी फक्त घरगुती मीटरला मिळते: १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा जास्तला ७८ हजार रुपये. दुकानाच्या मीटरला काहीच नाही.

माझी चूक सांगतो. मी सबसिडी वजा धरूनच पैसे ठेवले होते. पण ती पॅनल बसून, नेट मीटर लागून, तपासणी झाल्यावरच खात्यात येते. तोवर खेळतं भांडवल अडकलं, दिवाळीचा माल कमी भरावा लागला.

म्हणून आधी घराचं वीजबिल काढा, त्यावर नाव कोणाचं ते बघा, पूर्ण रकमेची सोय लावा. मगच ऑर्डर द्या.